चपटं नाक आणि चाळीस अंश

७.६५ वर्षं. ब्रिटनमध्ये जन्मलेलं पग जातीचं पिल्लू सरासरी इतकं जगेल, असं तिथल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२मध्ये मांडलेलं आयुर्मानाचं कोष्टक सांगतं. त्यासाठी ३० हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या होत्या. सगळ्या कुत्र्यांचा मिळून आकडा येतो ११.२३. जॅक रसेल टेरियर १२.७२, यॉर्कशायर टेरियर १२.५४, शित्झू ११.०५. कुठल्याच एका जातीची नसलेली संकरित कुत्री ११.८२. लहान चणीची कुत्री मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात, हा सर्वसाधारण नियम. पग लहान असूनही त्या नियमात बसत नाही.

या आकड्याला एक पुरवणी जोडावी लागते. एखादी जात अचानक लोकप्रिय झाली की दवाखान्यांच्या नोंदींत तिची कोवळी कुत्रीच जास्त असतात, आणि आयुर्मानाचा आकडा काही प्रमाणात खाली ओढला जातो. ब्रिटनमध्येच २०२४ साली ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित दुसरा अभ्यास आला. त्यात मध्यम लांबीच्या नाकाच्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य १२.८ वर्षं आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं ११.२ वर्षं निघालं. म्हणजे दरी कमी झाली, पण दिशा तीच राहिली. दोन्ही अभ्यासांत बोट एकाच अवयवाकडे जातं, नाकाकडे.

हे सगळं विलायतेतलं. तिथे पारा ३० अंशांवर गेला तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमी येते. आपला विषय आहे रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे तालुके, जिथे एप्रिलमध्ये पहाटेचा पारासुद्धा पंचविशीच्या आसपास असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला आणि त्यानंतर या दोन तालुक्यांचा चेहरा बदलला. भाताची खाचरं होती तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले उठले. नेरळ, कशेळे, कोंदिवडे, चौक, खोपोली या पट्ट्यात शनिवार-रविवारचं घर असणं ही मुंबईच्या मध्यमवर्गाच्या वरच्या थराची नेहमीची गोष्ट झाली. आता तर भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातीत तरणतलावाच्या खालोखाल ‘पाळीव प्राण्यांचं स्वागत’ असं ठळक लिहिलेलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी निघते तेव्हा मागच्या सीटवर कुत्रा असतो, आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच विचार: आठवडाभर दोन खोल्यांत कोंडलेला जीव, दोन दिवस तरी मोकळा बागडेल.

लॅब्रॅडॉरच्या किंवा गावठी कुत्र्याच्या बाबतीत हा विचार बव्हंशी बरोबर आहे. पगच्या बाबतीत तो उलटा पडतो. मोकळं आवार, उतार, ऊन, गवत, पाठलाग करायला खारी आणि कोंबड्या, या सगळ्यांमुळे पग धावतो. आणि धावणं हेच त्याच्या शरीराला परवडत नाही. दादरच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली लोळणारा पग कर्जतच्या लॉनवरच्या पगपेक्षा बहुतेक वेळा सुरक्षित असतो. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून आकड्यांकडे वळू.

हवामान खात्याच्या निकषांनुसार उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस असावं लागतं. शिवाय ते सरासरीहून बरंच वरही असावं लागतं. गंमत अशी की रायगड या एकाच जिल्ह्यात तिन्ही प्रकार आहेत. अलिबाग-मुरूडचा किनारा, कर्जत-खालापूरची सह्याद्रीला टेकलेली खोलगट पट्टी, आणि त्याच कर्जत तालुक्यात सुमारे ८०० मीटर उंचीवरचं माथेरान. उंचीमुळे माथेरान खालच्या नेरळपेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहतं. खालच्या पट्टीत मात्र समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा आणि दमून पोचतो, काळा कातळ तापतो, आणि मार्च ते मेमध्ये पारा चाळिशीला जाऊन भिडतो. त्या वेळी कुलाब्याला ३३-३४ अंश असू शकतात. आतल्या रायगडचं टोक पाहायचं तर ताम्हिणीच्या पायथ्याचं भिरा: २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि आख्ख्या देशाचं लक्ष या लहानशा गावाकडे वळलं. अजून एप्रिलही उजाडला नव्हता.

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते सेल्सिअसमध्ये ३८.३ ते ३९.२ भरतं. ४१ अंशांच्या पुढे उष्माघाताचा प्रदेश सुरू होतो. मधली जागा जेमतेम दोन अंशांची. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी मदार धापेवर: तोंड-नाकातल्या ओल्या पृष्ठभागावरून हवा वेगाने फिरवायची, पाण्याची वाफ करायची आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर टाकायची. लांब नाकात या कामासाठी गुंडाळीसारखी नाजूक हाडं असतात, त्यावर ओलसर अस्तर असतं. नाक आखूड झालं की हा पृष्ठभागच आक्रसतो.

किती आखूड? नाकाची लांबी भागिले कवटीची लांबी, असं गुणोत्तर पशुवैद्य वापरतात. २०१५मध्ये ७०० कुत्र्यांची मोजमापं घेऊन झालेल्या अभ्यासात दिसलं की हे गुणोत्तर ०.५च्या खाली गेलं की श्वासमार्गाच्या अडथळ्याचा धोका सुरू होतो आणि जसजसं ते घटतं तसतसा धोका झपाट्याने वाढतो. आपल्या गावठी कुत्र्याचं लांबुळकं तोंड या रेषेच्या कितीतरी वर असतं. त्या अभ्यासातल्या पगची सरासरी ०.१च्याही खाली होती. म्हणजे नाक जवळजवळ नाहीच. डोळ्यांच्या खाली थेट ओठ.

बाहेरून नाक गेलं, पण आतला ऐवज गेला नाही. मऊ टाळू तेवढाच लांब राहिला, तो घशात लोंबतो. जीभ तेवढीच जाड. दात तर कुठल्याही प्रौढ कुत्र्याला ४२च, अल्सेशियनला ४२ आणि पगलाही ४२. ते त्या एवढ्याशा जबड्यात आडवेतिडवे दाटीवाटीने बसतात. नाकपुड्या फुलण्याऐवजी फटीसारख्या मिटलेल्या. नळीतून वाहणाऱ्या हवेचा एक साधा नियम आहे: त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. पग श्वास घेताना घुरघुरतो तो आवाज म्हणजे या सोळापटीची किंमत.

हे रूप निसर्गाचं नाही आणि फार जुनंही नाही. पगची मुळं चीनमध्ये शोधली जातात, तिथून तो डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेला. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४५मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात शेजारी त्याचा पग बसलेला आहे. त्या कुत्र्याला चांगलं दिसण्याजोगं नाक आहे. सुरकुत्या कमी, पाय सडसडीत. आजच्या डोळ्याला तो पग वाटतच नाही. पुढच्या दोन-अडीच शतकांत, विशेषतः एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाल्यावर, निवडून निवडून चेहरा दाबत नेला गेला. का? गोल डोकं, मोठाले समोर पाहणारे डोळे, चपटं नाक, म्हणजे माणसाच्या तान्ह्या बाळाचा चेहरा. आपल्याला वात्सल्य वाटावं म्हणून एका जनावराचं नाक कापलं, फक्त सुरीऐवजी वंशावळ वापरली. आनुवंशशास्त्रज्ञांनी यातला एक धागा पकडला आहे: एसएमओसी-टू नावाच्या जनुकातला एक बदल कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या लांबीतल्या फरकाचा ३६ टक्क्यांपर्यंतचा वाटा उचलतो, असं २०१७मध्ये दाखवलं गेलं.

आपल्याकडे पग घराघरांत माहीत झाला तो २००३मध्ये, हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागेमागे जाणारा तो पग इतका गाजला की आजही लोक या जातीला ‘हचचा कुत्रा’ म्हणतात. कंपनीचं नाव २००७मध्ये बदललं तरी कुत्र्याचं बदललं नाही. जाहिरातीतला मुलगा जिथे जाईल तिथे कुत्रा जात होता. खऱ्या पगला असं मागेमागे जायचं तर हवामान बघावं लागतं.

जातीच्या मानकात आदर्श वजन ६.३ ते ८.१ किलो. चौकोनी, भरीव बांधा. पाठीवर घट्ट वळलेली शेपटी. केस आखूड, रंग फिकट बदामी, जर्दाळू, रुपेरी किंवा काळा, आणि काळा नसेल तर तोंडावर काळा मुखवटा. कपाळावर खोल सुरकुत्या. केस आखूड म्हणून उन्हाळा सोसेल, असा एक गैरसमज आहे. अडचण अंगावरच्या केसांची नाहीच.

आता आजारांची यादी, पण पट सांगून. २०२२च्या आणखी एका ब्रिटिश अभ्यासात ४,३०८ पग आणि इतर २१,८३५ कुत्र्यांच्या वर्षभराच्या दवाखान्यातल्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या. वर्षात किमान एखादा विकार होण्याची शक्यता पगमध्ये इतरांच्या १.९ पट. तपासलेल्या ४० विकारांपैकी २३ पगमध्ये जास्त निघाले. श्वासमार्गाच्या अडथळ्याचा विकार ५४ पट. नाकपुड्या अरुंद असणं ५१ पट. बुबुळावर व्रण १३ पट. सुरकुत्यांमधला त्वचासंसर्ग ११ पट. लठ्ठपणा साडेतीन पटीच्या आसपास. आपल्या कामाची बाजूही आहे: ७ विकार पगमध्ये कमी आढळले, आणि आक्रमकपणा त्यातच होता.

उष्माघाताचा हिशेब वेगळा झालेला आहे. २०१६ या एका वर्षात ९,०५,५४३ ब्रिटिश कुत्र्यांमध्ये उष्णतेच्या आजाराच्या ३९५ पक्क्या घटना सापडल्या. त्यातली १४.१८ टक्के कुत्री दगावली, म्हणजे सातातलं एक. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत पगला धोका ३.२४ पट, बुलडॉगला १३.९५ पट, आणि दाट केसांच्या चाऊ-चाऊला १६.६१ पट. लोकांना वाटतं कुत्री बंद गाडीत मरतात. मरतात, पण त्याच संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा उष्णतेच्या आजाराच्या ७४.२ टक्के घटना श्रमामुळे झालेल्या निघाल्या. चालणं, धावणं, खेळणं. कर्जतला नेऊन आपण नेमकं हेच घडवून आणतो.

दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची लाल मातीची चढण घ्या. वर मोटारींना बंदी आहे, ती असावीच. वरची हवा खालच्यापेक्षा थंड, हेही खरं. पण सकाळी अकराला, मे महिन्यात, पट्टा लावलेला पग त्या वाटेवर चालवणं आणि वर पोचून ‘दमला बिचारा’ म्हणणं यात मला बेपर्वाई दिसते. सोंडाई किंवा पेठच्या किल्ल्यावर कुत्रा नेण्याची आणि फोटो टाकण्याची जी हौस आलेली आहे, तिच्याबद्दलही हेच. गावठी कुत्री तिथे आपणहून ट्रेकर्सबरोबर वर येतात, सावलीत थांबतात, पाण्याच्या टाक्यावर जातात आणि नको वाटलं की परत फिरतात. पट्ट्याला बांधलेल्याला परत फिरता येत नाही.

बंद गाडीचंही गणित द्यायला हवं, कारण खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या फूड मॉलवर सगळेच थांबतात. अमेरिकेतल्या २००५च्या प्रयोगात उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर ३४ अंश धरा. मिसळ संपेपर्यंत, अर्ध्या तासात, आत ५१-५२.

पग तापला हे ओळखायचं कसं? निवांत असताना कुत्रा मिनिटाला १० ते ३० श्वास घेतो. छातीकडे बघून ३० सेकंद मोजायचे, दुप्पट करायचे. घड्याळ सोडून काही लागत नाही. सावलीत दहा मिनिटं बसवूनही धाप उतरत नसेल, जीभ लांब बाहेर येऊन टोकाला रुंद झाली असेल, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट दिसत असतील, चाल अडखळत असेल, तर तो दमलेला नाही, तो आजारी आहे. आणि इथे कर्जतचं अंतर आडवं येतं. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे, पण ही यंत्रणा मुळात गाई-म्हशी-शेळ्यांसाठी बांधलेली आहे आणि ती तशीच असावी. लहान प्राण्यांचा सुसज्ज दवाखाना गाठायचा तर बदलापूर, पनवेल, नाहीतर थेट मुंबई. रविवारी संध्याकाळी परतीच्या गर्दीत हा प्रवास किती तासांचा होतो, ते तिथे जाणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून आधी थंड करा, मग गाडीत घाला. ब्रिटनच्या २०२३च्या पाहणीत दवाखान्यात आणण्याआधी थंड केलेली कुत्री फक्त २१.७ टक्के होती, आणि थंड करण्याच्या उपायांत निम्म्याहून अधिक वेळा ओला टॉवेल अंगावर टाकला होता. तो टॉवेल काही मिनिटांत अंगाइतका गरम होतो आणि पांघरुणाचं काम करतो. करायचं ते असं: धडधाकट कुत्र्याला मानेपर्यंत पाण्याच्या टबात, तोंड वर धरून, नाहीतर अंगावर सतत पाणी ओतत समोर पंखा. बर्फच हवा असं नाही, विहिरीचं पाणी पुरतं. तापमान १०३ फॅरनहाइटपर्यंत उतरलं की थांबायचं. बंगल्याच्या राखणदाराला हे शिकवून ठेवलेलं बरं. कित्येक घरांत सोमवार ते शुक्रवार कुत्रा त्याच्याच भरवशावर असतो, आणि मालक फोनवर.

पावसाळ्यात धोका बदलतो. कर्जत-खालापूरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. हवेत आधीच वाफ भरलेली असली की धापेने वाफ होत नाही, त्यामुळे २९-३० अंशांतही पग तापू शकतो. कपाळाच्या आणि नाकावरच्या सुरकुत्यांत ओल राहते, वास येऊ लागतो, कातडी लाल होते; ती ११ पट इथे आठवावी. रोज कोरड्या मऊ फडक्याने घड्या पुसणं, बस्स, एवढंच काम आहे, पण रोजचं. पाऊस संपला की गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटतात. पगचे डोळे खोबणीतून पुढे आलेले, पुढे नाकाचं कुंपण नाही. तो गवतात तोंड घालतो तेव्हा सगळ्यात आधी डोळा पोचतो. डोळा मिचकावणं किंवा पाणी येणं दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. बुबुळाचा व्रण एका दिवसात खोल जातो. आणि घरात पडलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब त्यात घालू नयेत, त्यातल्या स्टेरॉइडने व्रण चिघळतो.

गोचीड, लेप्टो आणि साप हे तिथल्या प्रत्येक कुत्र्याचे शत्रू, पगचे वेगळे नाहीत, म्हणून थोडक्यात. गोचिडीची एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे तर पडवीच्या भिंतीच्या फटीत. त्यामुळे फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही. गोचीड-तापात प्लेटलेट दोन ते पाच लाखांच्या नेहमीच्या पातळीवरून कोसळतात आणि नाकातून रक्त येईपर्यंत घरच्यांना कळत नाही. लेप्टोची लस दरवर्षी, पावसाच्या आधी. सापाचं एवढंच: ६० किलोच्या माणसाला आणि ७ किलोच्या पगला घोणस चावली तर किलोमागे विष आठ पटींहून जास्त. उलट प्रतिविष वजनावर मोजत नाहीत, ते विषावर मोजतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं एकच प्रतिविष माणसालाही आणि कुत्र्यालाही चालतं.

वजनाकडे मात्र सावकाश बघायला हवं, कारण पगच्या बाबतीत आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. नाक बदलता येत नाही. गळ्याभोवती साठलेली चरबी घटवता येते, आणि ती घटली की तोच अरुंद मार्ग थोडा मोकळा होतो. पशुवैद्य विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज एका सूत्राने काढतात: वजनाचा ०.७५वा घात, गुणिले ७०. सात किलोच्या कुत्र्याला ते येतं सुमारे ३०० कॅलरी. घरात लोळणाऱ्या, नसबंदी झालेल्या पगला त्याच्या १.४ पट धरा, म्हणजे दिवसाला सव्वाचारशेच्या आत. आता शनिवार-रविवारचा हिशेब. कर्जत स्थानकावर घेतलेला एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. अर्धा ‘त्याला’ दिला तर दिवसाच्या कोट्यातला तिसरा हिस्सा संपला, शिवाय चटणीतला लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक. ग्लुकोजचं एक बिस्कीट २५ कॅलरी. घरात पाहुणे आठ, प्रत्येकाने लाडाने दोन-दोन दिली की ४००. मग संध्याकाळी पोळी-दूध वेगळंच. कुणी एकाने जास्त दिलेलं नसतं, आणि म्हणून कुणाला थांबवताही येत नाही.

वजनाचा आयुष्याशी संबंध दाखवणारा जुना प्रयोग पगवरचा नाही, लॅब्रॅडॉरवरचा आहे, पण तो चोख आहे. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून ४८ पिल्लांपैकी निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. २००२मध्ये निष्कर्ष आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, पोटभर खाणाऱ्यांचं ११.२. जवळपास दोन वर्षं, एकही गोळी न देता.

स्वभावाबद्दल पगची ख्याती मोठी आहे आणि बरीचशी रास्त आहे. माणसाला चिकटलेला, लहान मुलांशी सांभाळून घेणारा, भुंकण्यात कंजूष, खाण्यात अधाशी, थोडा हट्टी, थोडा विदूषक. राखणीला निरुपयोगी, चोर आला तर त्याच्याही मांडीवर बसेल. पण जातीवरून स्वभाव सांगणाऱ्यांनी २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला आकडा बघावा: १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुकीय आराखडे जुळवल्यावर, दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकाचा फक्त ९ टक्के वाटा जातीमुळे पडतो असं दिसलं. उरलेलं वय, संगोपन, अनुभव आणि त्या त्या कुत्र्याचं स्वतःचं.

आणि ‘शांत’ हा गुण तर पगच्या बाबतीत तपासूनच घ्यावा. २०१२मध्ये ब्रिटनमधल्या एका पशुवैद्यकीय रुग्णालयात श्वासमार्गाचा विकार पक्का झालेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? ५८ टक्के म्हणाले, नाही. घोरतो, घुरघुरतो, थोडं चाललं की बसतो, हे सगळं त्यांनीच लिहून दिलं होतं. पण ती त्यांना जात वाटली, आजार नाही. आपल्याकडे या आंधळेपणाचं फार कौतुक होतं. पगच्या घोरण्याचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात आणि खाली हसरे चेहरे येतात. थोडं चालून जो बसतो तो आळशी असेलच असं नाही. त्याला हवा पुरत नसेल.

यावर काही देशांनी कायद्याने मोजपट्टी लावली. नेदरलँड्सने २०१९पासून ज्या कुत्र्याचं नाक कवटीच्या एक-तृतीयांशाहून आखूड आहे त्याच्या पैदाशीला मनाई केली. होगार्थचा पग त्या परीक्षेत कदाचित उतरला असता. आपल्याकडे एप्रिल २०१६मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांची आयात बंद झाली, आणि मे २०१७मध्ये श्वान-पैदास व विक्रीचे नियम आले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर गाभण ठेवायची नाही. चांगले नियम आहेत, ते मादीच्या शरीराची काळजी घेतात. नाकाच्या लांबीबद्दल त्यांच्यात एक शब्द नाही. आयातबंदीचा एक आडवा परिणामही होऊ शकतो: बाहेरचं रक्त थांबलं की आतल्या आतच जोड्या लागतात. ब्रिटनमध्ये २००८मध्ये हिशेब केला तेव्हा सुमारे दहा हजार पगमधली आनुवंशिक विविधता फक्त ५० वेगळ्या कुत्र्यांइतकी भरली होती. तिथे आयात खुली असताना हे चित्र, तर इथे काय असेल याचा अंदाज करता येतो.

म्हणून कर्जतच्या बंगल्यासाठी कुत्रा हवा असेल तर माझं मत सरळ आहे: शेजारच्या वाडीतलं गावठी पिल्लू घ्या, लस टोचा, नसबंदी करा. या हवेसाठीची निवड त्याच्या पूर्वजांनी शतकानुशतकं मरून आणि जगून केलेली आहे. पग आधीच घरात असेल तर तो लाडका आहेच, त्याला काही टाकून द्यायचं नाही. त्याच्यासाठी केंब्रिज विद्यापीठाने बसवलेली एक चाचणी आहे. पशुवैद्य आधी स्टेथोस्कोपने घशाचा आवाज ऐकतो, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतो, मग पुन्हा ऐकतो. त्यावरून शून्य ते तीन अशी श्रेणी ठरते. शून्य-एक असेल तर वजन सांभाळून, सकाळ-संध्याकाळ फिरवून निभतं. दोन-तीन असेल तर नाकपुड्या रुंद करण्याच्या आणि टाळू आखूड करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायचं, आणि ते वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच, घशाच्या आतल्या भिंती कोसळायला लागण्यापूर्वी. या चाचणीला स्टेथोस्कोप आणि मोकळा पॅसेज एवढंच सामान लागतं. जानेवारीतल्या सकाळी करून घ्यावी, म्हणजे मार्चमध्ये शुक्रवारी गाडीत बॅगा भरताना त्याला बरोबर न्यायचं की मुंबईतच ठेवायचं, हे आधीच ठरलेलं असेल.